जुनी जर्मन गाडी घ्यायची आहे, बयाणा देण्याआधी काय काय बघू?

सदाशिवपेठेतून_हद्दपार | शुक्रवार, रात्री ११:१०

मंडळी, गृहकर्ज मार्चमध्ये फिटलं आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. नवी मध्यम गाडी घेण्यापेक्षा त्याच पैशांत जुनी पण भारीतली का घेऊ नये? बायको म्हणते, तुझ्या वयाची माणसं गुडघ्यांवर खर्च करतात, तू गाडीवर कर.

बाणेरला जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये एक बघून आलो. जर्मन, सेडान, डिझेल, ऑटोमॅटिक, २०१७ची, एमएच-१२ पासिंग. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या सकाळपर्यंत धागा 'अमुकपेक्षा तमुक बरी' या गावाला पोचलेला असेल. मीटरवर ४८ हजार. मागताहेत साडेएकवीस लाख, 'बसून बोलू' असंही म्हणाले. रंग असा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. पाषाण तलावापर्यंत फेरी मारून आलो, आवाज नाही, काही नाही. मुलीने मागच्या सीटवर पाय लांब केले आणि म्हणाली, बाबा, हीच.

वापर रोज कोथरूड ते हिंजवडी, आणि महिन्यातून दोनदा आंबोलीमार्गे सावंतवाडी. सोमवारी बयाणा द्यायचा विचार आहे. त्याआधी काय बघू? मागची गाडी घेताना मामाने चारही दरवाजे आपटून बघितले होते, तेवढंच माझं शिक्षण.


निळा_डबा | शुक्रवार, रात्री ११:१४

इनोव्हा घ्या. धागा बंद करा.


रानमोगरा | शुक्रवार, रात्री ११:५२

वाचतेय. आम्हीही याच वाटेवर आहोत, फक्त आमचं बजेट यातून दहा लाख वजा.


भोसरीचा_पाना | शनिवार, सकाळी ७:५०

बावीस वर्षं याच गाड्यांखाली पाठ टेकवतोय, म्हणून लिहितो. सोमवारी बयाणा देऊ नका. मंगळवारीही नको.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. पासष्ट लाखांची गाडी एकवीस लाखांना मिळते, पण तिचा गिअरबॉक्स, तिचे शॉकअप, तिचं इंजेक्टर हे सगळं अजून पासष्ट लाखांच्या गाडीचंच आहे. पार्टच्या किमती गाडीबरोबर खाली येत नाहीत, उलट दर वर्षी थोड्या वर जातात. म्हणून एकवीस लाख असतील तर गाडी सतरा-अठरा लाखांची बघा, बाकीचे बँकेत राहू द्या. पहिल्या वर्षात लागतात. ज्यांना नाही लागले त्यांनी मला पेढे द्यावेत, आजवर दोघांनी दिलेत.

आता गाडी. तुम्ही फेरी मारलीत तेव्हा इंजिन आधीच गरम होतं की गार? बघितलंच नसणार. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी गाडी चालू करून ठेवायची ही जुनी रीत. गरम इंजिन गोड बोलतं. खरं बोलतं ते सकाळी, रात्रभर उभं राहिल्यावर. तर शोरूम उघडायच्या वेळेला, न कळवता जा. बॉनेटवर तळहात ठेवा, गरम लागलं तर नमस्कार करून परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गार असताना स्वतः चालू करा, काच खाली, एसी आणि गाणी बंद. पहिले पाच सेकंद ऐका. इंजिनातल्या साखळीचा खळखळाट, टॅपेटची टकटक जे काय आहे ते तेव्हाच कळतं. या साखळीचा, म्हणजे टायमिंग चेनचा, आवाज गंमत म्हणून घेऊ नका. काही इंजिनांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या जुन्या एन४७ डिझेलमध्ये, ही साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिथे हात घालायचा तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली काढावा लागतो. साखळी हजारांची, मजुरी लाखाच्या घरात.

मागे एकाला उभं करा. पांढरा धूर हिवाळ्यात थोडा चालतो, पण विरला पाहिजे. निळसर असेल तर तेल जळतंय.

मग गिअरबॉक्स. गार असताना डी टाका, आर टाका. टाकल्यावर गाडीने लगेच उचललं पाहिजे. एक-दीड सेकंद विचार करून मग धक्का देत असेल तर हिशेब वाढला. एक ते दोन, दोन ते तीन हे बदल हळू चालवताना अंगाला जाणवू नयेत. जोरात पळवून गिअरबॉक्स कळत नाही, गर्दीत सरपटत चालवल्यावर कळतो. आणि सर्व्हिस सेंटरवाले 'गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं आहे' म्हणतील, त्यावर विसंबू नका. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स बऱ्याच गाडीवाल्या कंपन्या वापरतात, आणि खुद्द झेडएफचं म्हणणं ८० हजार ते एक लाख वीस हजार किमीच्या दरम्यान तेल बदला असं आहे. तेलाचा खालचा डबा प्लॅस्टिकचा, गाळणी त्यातच, म्हणजे अख्खा डबाच बदलायचा. माझ्याकडे चाळीस-पन्नास हजारांत होतं. बॉक्स उघडायची वेळ आली तर आकडा सांगत नाही, सकाळची वेळ आहे.

बाकी दुपारी लिहितो. गिऱ्हाईक आलंय.


सदाशिवपेठेतून_हद्दपार | शनिवार, सकाळी ९:०५

काका, इंजिन गरम होतं. शोरूमवाल्या पोराने 'सर, मी एसी लावून ठेवला होता तुमच्यासाठी' असं सांगितलं आणि मला ते आदरातिथ्य वाटलं.


ताम्हिणीचा_पाऊस | शनिवार, सकाळी १०:३०

मी विम्याच्या सर्व्हेचं काम करते, त्यामुळे माझ्या वाट्याला गाड्या येतात त्या आपटलेल्या किंवा बुडालेल्याच.

सदाशिवपंत, इंजिनाकडे भोसरीकर बघतील. तुम्ही आधी एक कागद मागा, चालू विम्याची पॉलिसी. त्यात नो क्लेम बोनसची टक्केवारी छापलेली असते. क्लेम न घेता एकेक वर्ष गेलं की ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर जाते. २०१७ची, एकाच मालकाची गाडी आणि बोनस शून्य, याचा साधा अर्थ मागच्या पॉलिसीच्या वर्षात क्लेम झालाय. दुसरीही कारणं असू शकतात. मधे मालक बदलला तर बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, पॉलिसी नव्वद दिवसांहून जास्त खंडित झाली तरी जातो. पण मग ती कारणं त्यांनी कागदावर दाखवावीत. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न 'अपघात झालाय का' हा नाही, त्याचं उत्तर सगळीकडे एकच मिळतं. प्रश्न असा: 'बोनस शून्य का?'

दुसरं, पाणी. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. ते धूड लिलावात जातं. भंगारात गेलं तर ठीक, पण आरसी जिवंत असेल तर कुणीतरी ते घेतं, धुतं, वाळवतं, सीट कव्हर बदलतं आणि गाडी दुसऱ्या शहरात 'सिंगल ओनर' म्हणून उभी राहते. म्हणून गाडी आधी कुठे राहिली ते बघा आणि तिथल्या पुराच्या तारखा आठवा. चेन्नई डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३. बंगळूर सप्टेंबर २०२२, तेव्हा येमलूरकडच्या बंगल्यांच्या आवारात महागड्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. चिपळूण जुलै २०२१. आणि लांब कशाला, २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्याची एकतानगरी.

बुडालेली गाडी ओळखायची कशी? सीटबेल्ट. पुढचे बघू नका, ते धुतलेले किंवा बदललेले असतात. मागचा मधला पट्टा पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, जिथवर कुणी कधी ओढत नाही तिथवर. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली की बोलणं थांबवा. मग डिकीतला गालिचा उचलून खालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. दहा वर्षांच्या गाडीतही ते गंजत नाहीत. दारं बंद करून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा. अत्तराचा भपकारा आला तर विचारा, कशासाठी.

साध्या गाडीत पाणी शिरलं तर गालिचे वाळवून भागतं. या गाड्यांत कंट्रोल युनिट आणि वायरिंगच्या जाड वेण्या गालिच्याखाली, सीटखाली, डिकीत असतात. एका पिढीच्या ऑडी क्यू७ची तर बॅटरीच पुढच्या सीटखाली आहे. पाणी ओसरल्यावर सहा महिन्यांनी जोडांना हिरवं बुरशीसारखं चढतं आणि मग एके दिवशी काच खाली घ्यायला गेलात की वायपर चालू होतो. विनोद नाही, अशीच तक्रार घेऊन माणसं येतात.


निळा_डबा | शनिवार, सकाळी १०:४१

इनोव्हात काच खाली घेतली की काच खाली येते.


शेंद्र्याचा_वारा | शनिवार, दुपारी १२:२०

आमच्या संभाजीनगरात जुन्या जर्मन गाड्यांचा अनुभव भरपूर. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या मंडळींनी गट करून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा पेपरात फोटो यायचे. त्यातल्या काही पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या. तेव्हा इथे शेंद्र्यात ऑडीही जुळत होत्या, चाकणला मर्सिडीज. त्यामुळे 'घरची गाडी आहे, पार्ट स्वस्त मिळतील' असा एक गोड समज होता. गाडी इथे जुळते म्हणजे पार्ट इथे बनतात असं नाही, खोक्यातून येतात.

माझी गोष्ट परराज्याच्या गाडीची. पंत, तुमची एमएच-१२ आहे हे नशीब. मला दिल्ली पासिंगची डिझेल मिळत होती, इथल्या भावापेक्षा पाच लाख स्वस्त. स्वस्त का, तर तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी होती. २०१५ला हरित लवादाने घातली, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, पुढेही त्यावर बरंच वरखाली झालं. सातव्या-आठव्या वर्षी गाडी विकून मोकळं व्हायची तिथे घाई असायची. मी घेतली. मग कळलं की तिथल्या आरटीओची ना हरकत, इथे नव्याने नोंदणी, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा. वयाप्रमाणे कमी करून, पण मूळ किमतीवर. वीस लाखांवरच्या डिझेलला इथे नव्या गाडीचा दर १५ टक्के, कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के, म्हणजे मूळ आकडा केवढा ते बघा. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा कागदोपत्री मिळतो. मी अर्ज केला, तीन खेपा घातल्या, मग आयुष्य लहान आहे असं ठरवलं. पाच लाखांतले माझ्याकडे ऐंशी हजार उरले आणि सात महिने एजंटचे फोन.


मुळामुठेचा_काठ | शनिवार, दुपारी १:१५

कागदांचं मी सांगतो. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकून बघा: मालक कितवा, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा. बोजा दिसत असेल तर बँकेची ना हरकत आणि फॉर्म ३५. ई-चलानं वेगळी बघा. एका ओळखीच्याच्या गाडीवर अठरा हजारांची निघाली होती, सगळी एक्स्प्रेसवेवरची, मालकाचं म्हणणं 'मी हळू चालवतो'.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, तुम्ही गाडी आणली आणि नाव बदलायचं राहिलं, हे करू नका. उलट बाजूनेही तेच लक्षात ठेवा. आपली जुनी गाडी विकताना नाव बदलल्याशिवाय सोडू नका. अपघात झाला तर जबाबदार कोण, तर नोंदीत ज्याचं नाव तो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आहे. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनाही आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते. शोरूममध्ये ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. चेहरे बघण्यासारखे होतात.

तुमची ही गाडी कुठल्या कंपनीच्या नावावर आहे का? असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचा अधिकार, दोन्ही कागद आधी. आणि विमा आपल्या नावावर चौदा दिवसांत.


रानमोगरा | शनिवार, दुपारी १:४०

पॉलिश करून आणलेल्या गाडीचं खरं वय कसं ओळखायचं? मीटर मागे करतात म्हणे.


भोसरीचा_पाना | शनिवार, दुपारी ३:१०

मीटर मागे करणं दहा मिनिटांचं काम आहे. पण गाडी आपले किलोमीटर एकाच ठिकाणी लिहून ठेवत नाही. बऱ्याच मॉडेलांत गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये (छोट्या संगणकात) वेगळे, किल्लीत वेगळे. मीटर पाडणारा सगळीकडे हात फिरवतोच असं नाही. त्या कंपनीचा खास स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून प्रत्येक मॉड्यूल वाचून घ्या. दोन-तीन हजार घेईल.

स्वतःही एक गोष्ट करता येते. मोबाइलला जोडायची ओबीडीची, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाड वाचायची, छोटी डबी हजाराच्या आत मिळते. स्टिअरिंगखाली सॉकेट असतं, त्यात लावायची. चुकांचे कोड दिसतात का हे सगळेच बघतात. तुम्ही बघायचं ते 'कोड पुसल्यापासूनचं अंतर'. गाडी ४८ हजार चाललेली आणि कोड पुसून सात किलोमीटर झाले असतील, तर बिघाडाचा दिवा काल पेटलेला होता आणि आज तुमच्यासाठी विझवलाय. त्याच यादीत गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाही तेही दिसतं. अर्धवट असतील तर अर्थ तोच. 'बॅटरी बदलली म्हणून' असं सांगतील. तसंही होतं. मग बॅटरीचं बिल मागा.

झीज बघा. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं जिथे डावा हात टेकतो तिथलं, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड. आणि आपल्याकडचं एक खास: मागची डावी सीट. या गाड्यांत मालक मागे डावीकडे बसतो. पुढची डावी नवी कोरी आणि मागची डावी सुरकुतलेली, म्हणजे गाडी ड्रायव्हरने चालवलेली. वाईट असं नाही. पण मालक दुकानात आणि ड्रायव्हर एसी लावून दोन तास खाली, असं वर्षानुवर्षं झालं असेल तर इंजिन मीटरपेक्षा जास्त फिरलंय. डिझेलचं डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारं जाळं) त्यानेच चोंदतं. पंत, तुमची सावंतवाडी आहे म्हणून डिझेल चालेल, लांब पल्ल्यात ते आपलं आपण काजळी जाळून साफ होतं. नुसतं हिंजवडीच्या रांगेत उभं राहायचं असतं तर पेट्रोल घ्या म्हटलं असतं.

पत्रा. मामांनी लोहचुंबक फिरवून पुट्टी शोधायची रीत शिकवली असेल तर इथे जपून. बीएमडब्ल्यूची एफ१० पाच सीरीज किंवा मर्सिडीजची डब्ल्यू२०५ सी क्लास घ्या, बॉनेट, पुढचे मडगार्ड, दरवाजे अॅल्युमिनियमचे. चुंबक चिकटणार नाही आणि तुम्ही उगाच ओरडाल. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लागतं, दोन्ही धातूंवर चालणारं. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. तीनशे दाखवलं तर रंग पुन्हा मारलाय, हजार दाखवलं तर खाली पुट्टी. दरवाजाला रंग मारलेला चालतो, पुण्यात ओरखडा न आलेला दरवाजा मी बघितलेला नाही. छताला आणि दरवाजांच्या मधल्या खांबांना मारलेला चालत नाही.

हवेचं सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी चारही चाकांवर टायर आणि मडगार्डमधलं अंतर वितीने मोजून फोटो काढा. सकाळी परत मोजा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर एका चाकाचे लाखभर धरून चाला, आणि गळती भरून काढता काढता कंप्रेसरही दमलेला असतो.

पाण्याच्या टाक्या, थर्मोस्टॅटचं घर, नळ्यांची टोकं हे सगळं प्लॅस्टिक. आपल्या उन्हात आठ-दहा वर्षांत बिस्किटासारखं होतं. बदललेलं असेल तर विकणाऱ्याला शाबासकी द्या. बदललं नसेल तर तेवढे पैसे कमी करा.

वर काचेचं छत असेल तर पाण्याची बाटली बरोबर न्या. छत उघडून कडेच्या पन्हाळीत हळू ओता. पुढच्या चाकामागून धार आली पाहिजे. नाही आली तर नळीत पानं अडकलीत, आणि पावसाचं पाणी कुठे जातंय ते वर ताम्हिणीबाईंनी सांगितलंच आहे.


स्टुटगार्टची_थंडी | शनिवार, संध्याकाळी ६:०५

इथल्या जाहिरातीत 'शेकहेफ्टगेप्फ्लेग्ट' असा एक राक्षसी शब्द असतो, म्हणजे सर्व्हिसच्या वहीवर सगळे शिक्के असलेली. लोक किलोमीटरपेक्षा त्या शब्दाला पैसे देतात. दीड लाख किमी आणि शिक्के पूर्ण, ही इथे चांगली गाडी. आपल्याकडे ४० हजार किमी आणि कागद काही नाही, तरी गिऱ्हाईक हुरळतं. शिवाय नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी टीयूव्ही किंवा डेक्रासारख्या तपासणी संस्थांकडून तपासून घ्यावीच लागते, त्यामुळे अगदी मोडकं कुणी खपवू शकत नाही.

भारतातही सर्व्हिसच्या नोंदी आता कंपनीच्या संगणकात असतात. मालकाने परवानगी दिली तर अधिकृत सर्व्हिस सेंटर चासी नंबरवरून इतिहास सांगतं. पंत, सोमवारी तेवढाच एक फोन करा. जमलं तर रिकॉलचंही, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का, ते विचारा. ताकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगा जगभर कोट्यवधी गाड्यांत बदलल्या गेल्या. आपल्या चासी नंबरची काही रिकॉल बाकी असेल तर ती मालक कितवाही असला तरी फुकट होते.


निळा_डबा | शनिवार, संध्याकाळी ६:३०

एवढं वाचून मला माझ्या इनोव्हावर संशय यायला लागलाय.


कोकणकडा_७८ | शनिवार, रात्री ९:४०

वेगळं मत मांडतो. एवढा शेरलॉकपणा करण्यापेक्षा कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या विभागातून घ्या. मर्सिडीजचं सर्टिफाइड, बीएमडब्ल्यूचं प्रीमियम सिलेक्शन, ऑडीचं अप्रूव्ड प्लस. दोन-तीन लाख जास्त जातात, वॉरंटी मिळते, झोप मिळते.


भोसरीचा_पाना | शनिवार, रात्री १०:१५

बरोबर आहे, ज्याला जमतं त्याने तिथूनच घ्यावी. फक्त वॉरंटीचा कागद मागच्या पानापासून वाचा. काय धरलेलं नाही ते मागे असतं. बुश, ब्रेक, बॅटरी, टायर बहुतेक बाहेरच.


सदाशिवपेठेतून_हद्दपार | बुधवार, रात्री १०:५०

अहवाल.

सोमवारी सकाळी पावणेनऊला, न कळवता, बाणेर. शटर अर्धं वर होतं. बॉनेट गार! मनात म्हटलं, काका हरले. चालू केली, आवाजही बरा. मग डबी लावली.

कोड पुसल्यापासूनचं अंतर: ६ किमी.

मी शुक्रवारी मारलेली फेरीच साधारण तेवढी असेल. म्हणजे शुक्रवारी मी यायच्या आधी पुसले. शोरूमचा पोरगा म्हणाला, "सर, बॅटरी नवीन टाकलीय ना." बिल मागितलं तर "मालकांकडे आहे". डिकी उघडून बॅटरी बघितली, तिच्यावर २०२१ची तारीख.

इथेच परत फिरायला हवं होतं, पण आता मला चव लागली होती. पॉलिसी मागितली. बोनस शून्य. मालक एकच, पॉलिसी अखंड. मागचा मधला सीटबेल्ट ओढला. तो अर्ध्यावर अडकला. पोरगा म्हणाला, सर तो तेवढाच येतो. मी सीटवर गुडघा टेकवून हळूहळू ओढत राहिलो. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या कपाच्या तळाला राहते तशी रेघ, आणि त्याखाली पट्ट्याचा रंगच वेगळा. मुलगी बरोबर होती. तिने वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, आपल्या माठासारखा येतोय."

पोराने काही बोलायच्या आत मीच पट्टा परत सोडला. त्याचा तरी काय दोष, पगारी माणूस.

ताम्हिणीताई, तुम्हाला साष्टांग. साडेएकवीस लाखांचा पट्टा होता तो.


ताम्हिणीचा_पाऊस | बुधवार, रात्री ११:०५

अहो, नमस्कार मुलीला घाला. माठाचा वास हे माझ्या अहवालात कधी सुचलं नाही.


सदाशिवपेठेतून_हद्दपार | पुढचा रविवार, दुपारी ४:२०

दुसरी बघितली. साताऱ्याचे एक निवृत्त डॉक्टर, पहिलेच मालक, २०१६ची, मीटरवर ९१ हजार. मागच्या बंपरला फाटकाने काढलेली नक्षी, उजव्या आरशाला चिकटपट्टी. मुलीने नाक मुरडलं. डॉक्टरांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढली, त्यात पहिल्या दिवसापासूनची बिलं, तारखेने लावलेली. २०२२ला वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलल्याचंही. एका बिलावर त्यांनी पेनने लिहिलंय, 'जास्त घेतले.'

भोसरीकर स्वतः आले होते, त्यांचे आभार इथे मानून फिटणार नाहीत. स्कॅन, लिफ्ट, सगळं झालं. सापडलं ते असं: छताच्या डाव्या नळीत पानं, डॉक्टरांच्या दारातल्या बकुळीची. तेलाच्या फिल्टरच्या घरापाशी थोडा घाम. टायरवर ३२१८, म्हणजे २०१८च्या बत्तिसाव्या आठवड्याचे, चारही बदलायचे. पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतून केसाएवढी चीर, ती लिफ्टवरच दिसली. गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नाही. नो क्लेम बोनस ५० टक्के. सीटबेल्ट शेवटपर्यंत कोरा, काकांनी पाचही ओढले.

डॉक्टर सोळा म्हणत होते. आम्ही टायर, रिम आणि तेलाचा हिशेब त्यांच्याच प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर मांडला. साडेचौदाला ठरलं. फॉर्म २९-३०वर सह्या समोरासमोर झाल्या. अडलंय ते एका गोष्टीवर: दुसरी किल्ली सापडत नाही. नवी मागवायची तर आरसी, ओळखपत्र, चासी नंबर देऊन परदेशातून येते आणि दोन महिने जातात, असं सर्व्हिस सेंटर म्हणतंय. डॉक्टरांनी पंधरा हजार आणखी सोडले, पण ते अजून शोधताहेत. त्यांना ती हरवलीय हे पैशांपेक्षा जास्त लागलंय.


रानमोगरा | रविवार, दुपारी ५:००

अभिनंदन! काका, साताऱ्याला गेलात तसे ठाण्याला येता का?


सदाशिवपेठेतून_हद्दपार | मंगळवार, सकाळी ८:१५

किल्ली सापडली. डॉक्टरीणबाईंच्या शिवणाच्या डब्यात, आठ वर्षं. बॅटरी मेलेली, बाकी कोरी करकरीत.


भोसरीचा_पाना | मंगळवार, सकाळी ९:३०

गिअरबॉक्सचं तेल आणि डबा आलाय. गुरुवारी आणा, पण सकाळी लवकर आणि शक्यतो टो करून. या बॉक्समध्ये तेलाची पातळी ठरावीक तापमानालाच बघायची असते, तीस ते पन्नास अंशांमध्ये. कोथरूडहून चालवत आलात तर गार होईपर्यंत दोन-तीन तास माझ्याकडे बसावं लागेल. बसायला हरकत नाही, पण चहा तुमच्याकडून. आणि मुलीला आणा, एक गाडी वास घेऊन बघायचीय.